दादाचे पेपर मी लिहिणार होते

दादा लढाईवरून परत आला तेव्हा त्याला उतरवून घ्यायला आबा आणि मी ताकारीच्या स्टेशनवर गेलो होतो. गाडीतून एक अनोळखी शिपाई आधी उतरला आणि त्यानं हात धरून दादाला खाली घेतलं. दादाच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. इटलीत सुरुंग फुटला आणि डोळे गेले, एवढं आम्हाला कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि तो फलाटावर पाय चाचपत टाकताना बघणं वेगळं. आबा स्वतः पलटणीतून नाईक होऊन आलेले. ते पुढं झाले नाहीत, जागच्या जागी उभे राहिले. शेवटी दादानंच विचारलं, "आबा, गाडी आनलीया न्हवं? घुंगरं ऐकू याया लागल्यात." मग आबा हलले.

दादा भरती झाला तेव्हा साताऱ्याला बोर्डिंगात राहून मॅट्रिकच्या वर्गात शिकत होता. मॅट्रिक म्हणजे तेव्हा मुंबई विद्यापीठाचीच परीक्षा. आमच्या गावातून तिथवर पोचलेला तो पहिला. परीक्षेला थोडेच महिने उरले होते. पण आमच्याकडं घरटी एक तरी माणूस फौजेत असायचाच, आणि त्या वर्षी भरतीवाले गावोगाव फिरत होते. आबा म्हणाले, "मॅट्रिक काय, कवाबी हुईल. भरती काय कायम ऱ्हात न्हाई." दादा गेला. हे वाक्य आबांनी पुढं कधी उच्चारलं नाही आणि आम्हीही कधी काढलं नाही, पण ते घरात होतं.

आल्यावर पुष्कळ महिने दादा सोप्यात बसून असायचा. कुणी अंबाडी आणून दिली तर दोर वळायचा. उजव्या कानानंही त्याला कमी ऐकू येऊ लागलं होतं, त्यामुळं बोलायचा ते मोठ्यानं. जेवण झालं का, ऊस तुटला का, एवढंच बोलायचा. कधीकधी त्याचं डोकं इतकं दुखायचं की तो भिंतीला कपाळ लावून बसायचा. आई लसणीचं तेल चोळायची. डोक्यात लोखंडाचा बारीक तुकडा राहिला आहे, तो काढता येत नाही, असं पुण्याच्या लष्करी इस्पितळात सांगितलं होतं.

मराठी शाळेचे गुरुजी एकदा सोप्यात आले आणि बोलता बोलता म्हणाले, "डोळे नसले तरी मॅट्रिकला बसता येतं. तू सांगायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. विद्यापीठाची परवानगी काढावी लागते." दादा दोर वळत राहिला. गुरुजी चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी शेण काढत होते तेव्हा तो गोठ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"बाय, तुजं अक्षर कसं हाय?"

"बरं हाय की. गुरुजी चांगलं म्हनतात."

"आनि लवकर लिवतीस का?"

मी मराठी सातवी पास होते आणि तालुक्याला इंग्रजी तीन यत्ता शिकून मग वय झालं म्हणून घरी बसले होते. मी म्हटलं, "लिवते." तो म्हणाला, "मग हात धुवून ये."

परवानगीसाठी आबा त्याला साताऱ्याला जुन्या शाळेत घेऊन गेले. तिथल्या हेडमास्तरांनी दादाला चेहऱ्यावरून नव्हे, नावावरून ओळखलं, असं आबा परत आल्यावर सांगत होते. त्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं. काही आठवड्यांनी गुरुजींमार्फत निरोप आला की परवानगी मिळाली, सांगलीच्या केंद्रावर बसायचं. सांगली आम्हाला जवळ आणि तिथं मावशीचं घर. लिहिणार कोण, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. घरातलंच माणूस लिहिणार यात विचारण्यासारखं काही असेल असं आमच्याही मनात आलं नाही.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत सुखाचं होतं. हे लिहिताना आजही हात थबकतो, पण खरं आहे. सकाळचं काम उरकलं की मी दादाची जुनी पुस्तकं घेऊन बसायची आणि मोठ्यानं वाचायची. इतिहास त्याला एकदा ऐकून राहायचा. इंग्रजी वाचताना माझे उच्चार चुकायचे. मग तो अक्षरं विचारायचा, मी एकेक अक्षर सांगायची, तो शब्द जुळवून मला म्हणून दाखवायचा. असं करत मलाच इंग्रजी येत गेलं. भूमितीचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता. मी जाड पुठ्ठ्यावर आकृती काढायची आणि मागच्या बाजूनं दाभणानं टोचत न्यायची, म्हणजे पुढच्या बाजूला बारीक टोकं उमटायची. दादा बोट फिरवून म्हणायचा, "हा कोन लहान झालाय, बाय." खरंच झालेला असायचा.

पुस्तक येणं वेगळं आणि तीन तास पेपर देणं वेगळं, हे दादा सारखं सांगायचा. परीक्षेची तयारी त्यानं फौजेतल्या कवायतीसारखी करवून घेतली. शाळेतलं एक बाक गुरुजींनी घरी नेऊ दिलं. आम्ही दोघं एका बाकावर बसायचो. तो उजवीकडं, त्याचा चांगला कान माझ्या बाजूला. बोटानं बाकावर एकदा टिचकी म्हणजे वाक्य संपलं. दोनदा म्हणजे नवा परिच्छेद. हात सपाट ठेवला म्हणजे थांब, मला विचार करू दे. इंग्रजी शब्द अवघड असला की तो आपणहून अक्षरं सांगायचा. टाक दौतीत बुडवायला वेळ जातो म्हणून मी दोन टाक वापरायला शिकले. शाईच्या गोळ्या गरम पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळायच्या, नाहीतर गाळ निबात अडकतो. टीपकागद कुठल्या बाजूला ठेवायचा, हेसुद्धा ठरलं होतं.

मोठी अडचण होती त्याच्या आवाजाची. परीक्षेच्या खोलीत बाकीची मुलं असणार, त्यांना ऐकू गेलं तर उठवतील, अशी आमची समजूत. मग आईला भिंतीपलीकडं चुलीपाशी बसवायचं आणि दादानं मला उत्तर सांगायचं. आईला ऐकू गेलं तर तिनं खाकरायचं. पहिले काही दिवस आईचं खाकरणं थांबेना. एकदा तर तिनं पलीकडून विचारलं, "आरं, त्यो अकबर मेल्यावर फुडं काय झालं?" दादा हसला. परत आल्यापासून तो हसलेला मी पहिल्यांदा ऐकला. हळूहळू त्याचा आवाज इतका खाली आला की फक्त मला ऐकू यायचा. पुढं कळलं, की असल्या परीक्षार्थीला वेगळी खोलीच देतात. त्या सगळ्या सरावाची गरज नव्हती. पण तेव्हा आम्हाला हे कुठलं माहीत.

लिहून झालेला पेपर गुरुजी तपासायचे. "निबंध छान आहे. भाषाही स्वच्छ आहे," असं त्यांनी लिहिलेलं मी वाचून दाखवलं की दादा मान खाली घालायचा, पण कानापर्यंत लाल व्हायचा.

परीक्षेच्या आधी आम्ही सांगलीला गेलो. ताकारीहून मिरजेपर्यंत मोठी गाडी आणि तिथून सांगलीची छोटी गाडी. आईनं बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. मावशीचं घर कृष्णेच्या घाटाकडं उतरणाऱ्या बोळात होतं. तिचे यजमान हळदीच्या वखारीत कामाला. घरभर हळदीचा वास. पेपर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी आबा, दादा आणि मी नंबर बघायला केंद्रावर गेलो. दादाला फाटकापासून खोलीपर्यंत किती वळणं, पायऱ्या कुठं, हे आधी चालून बघायचं होतं.

केंद्रावरचे मुख्य मास्तर उंच, सावकाश बोलणारे होते. त्यांनी दादाला खुर्ची दिली. कागद बघितले. मग माझ्याकडं बघून विचारलं, "ह्या कोण?"

"माजी भन हाय," दादा म्हणाला. "हीच लिवनार."

मास्तरांनी कागद बाजूला ठेवले. "नात्यातल्या माणसाला लेखनिक म्हणून बसता येत नाही," ते म्हणाले. "लेखनिक केंद्रानं द्यायचा असतो. मी आमच्या शाळेतला एक मुलगा ठरवलाय. इंग्रजी सहावीत आहे, हुशार आहे."

आबा म्हणाले, "सायेब, वर्सभर पोरगी त्येच्यासंगं बसलीया. तिला त्येचं समदं ठावं हाय."

"मला समजतं. पण माझ्या हातात नाही. मी तिला बसवलं आणि कुणी हरकत घेतली तर पेपरच रद्द होतील. नुकसान यांचंच."

ते रागानं बोलत नव्हते. रागानं बोलले असते तर आबा भांडले असते. दादानं हात सपाट करून गुडघ्यावर ठेवला. मला ती खूण माहीत होती. थोड्या वेळानं तो म्हणाला, "त्या मुलाला आज भेटता यील का?"

मुलगा जवळच राहणारा होता. शिपायानं त्याला बोलावून आणलं. नुकती मिसरूड फुटलेला, धोतर-कोट घातलेला, घाबरलेला. शाळेच्या व्हरांड्यात एका बाकावर आम्ही त्याला मधे बसवलं आणि मी त्याला सगळं सांगायला लागले. टिचकी म्हणजे काय, दोन टिचक्या म्हणजे काय. हात सपाट ठेवला की बोलायचं नाही, विचारायचं नाही, टाक वर करून बसायचं. डाव्या कानाशी बोलायचं, उजव्या नाही. आकृती काढताना आधी पाया कुठून कुठं हे तोंडानं सांगायचं. डोकं दुखायला लागलं की ते कपाळ चोळतात. तेव्हा प्रश्न परत पहिल्यापासून वाचून दाखवायचा. मुलगा सगळ्याला "हो, हो" म्हणत होता. मी सांगत होते आणि सांगता सांगता मला कळत होतं की हे असं सांगून देता येत नाही. आम्हाला वर्ष लागलं होतं. ऊन कलायच्या आत मला ते त्याच्या हवाली करायचं होतं.

दादानं त्या मुलाला इंग्रजीतलं एक उत्तर लिहायला सांगितलं. मुलानं लिहिलं. अक्षर माझ्यापेक्षा वळणदार होतं. "झ्याक," दादा म्हणाला.

वाटेत परतताना तो मला म्हणाला, "बरं झालं, बाय. तुजा हात तरी दुकायचा न्हाई." आबा आमच्या पुढं चालत होते, लांब.

पहिले दोन पेपर इंग्रजीचे होते. आबा आणि मी शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसून असायचो. दादा बाहेर आला की मी त्याच्या तोंडाकडं बघायची. दोन्ही दिवस तो म्हणाला, "जरा हळू लिवतंय पोरगं. पण झालं." त्यानंतर मराठीचा पेपर होता. त्या दिवशी तो खुशीत बाहेर आला. निबंध मनासारखा झाला होता. नदीवर लिहायचा होता, आणि कृष्णा आमच्या मळ्याला लागूनच. आबा त्याला घेऊन नळाकडं गेले तेव्हा तो मुलगा माझ्यापाशी आला.

"ताई, एक विचारायचं होतं."

"विचारा."

"ते 'हाय' म्हणतात, 'न्हाई' म्हणतात, 'तवा' म्हणतात. मी तसंच लिहिलं. माझ्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही, असं मला सरांनी बजावलंय. पर्यवेक्षक माझ्या मागंच उभे असतात. मी बरोबर केलं ना?"

मी त्याच्याकडं बघत राहिले. वर्षभर दादा सांगायचा "तवा त्यो म्हनला" आणि माझ्या हातून उतरायचं "तेव्हा तो म्हणाला." दादा म्हणायचा "लय", मी लिहायची "फार". हे मी मुद्दाम करत नव्हते. करते आहे हे मला माहीतच नव्हतं. माझ्या कानात एक बोली शिरायची आणि हातातून दुसरी उतरायची. लिहायचं म्हणजे पुस्तकासारखं, हे शाळेनं हाताला लावलेलं वळण. दादाचे डोळे असते आणि टाक त्याच्या हातात असता तर त्यानंही तसंच लिहिलं असतं. साताऱ्याला वर्गात त्याचे निबंध वाचून दाखवत. पण टाक सुटला आणि फक्त तोंड उरलं, आणि तोंडाला आईची बोली होती.

"तुम्ही बरोबरच केलंत," मी त्या मुलाला म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्याची काहीही चूक नव्हती.

संध्याकाळी दादाला घेऊन मी घाटावर गेले. इतिहासाचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. आज सांगावं की सगळं झाल्यावर, हे मी वाटभर ठरवत होते. मग वाटलं, उरलेले पेपर तरी वाचतील. पायरीवर बसल्यावर मी सांगितलं. त्यानं मधे एकदाही थांबवलं नाही. पाण्यात म्हशी होत्या, त्यांचे फुरफुर आवाज येत होते.

"नदीचा निबंध समदा तसा?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"आनि तू इतके दिस काय करायचीस?"

"मी नीट करून लिवायची. मलाबी आजच कळलं."

तो म्हणाला, "माज्या मनात तर बरोबरच असतंय गं. तोंडातनं येताना असं हुतंय, हे मला ऐकूच आलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो पेपराला गेला तो ओठ हलवत. बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. तो मुलगा मला हळूच म्हणाला, "आज प्रत्येक वाक्य ते आधी दोन-तीनदा मनाशी म्हणायचे, मग सांगायचे, मग खोडायला लावायचे. 'आहे' म्हणताना अडायचे. निम्माच पेपर झाला. त्यांना सगळं येत होतं, ताई. मला कळत होतं." त्या मुलाचे डोळे भरले होते. भूगोलाचंही तसंच झालं. अंकगणित आणि भूमिती बरी गेली, कारण तिथं बोलावं थोडं लागतं. शेवटच्या पेपराच्या दिवशी त्याचं डोकं इतकं चढलं की मावशीनं त्याला दोन घास भरवले आणि अंधार करून निजवलं. घरी निघताना तो मुलगा स्टेशनवर आला होता. दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आपले उपकार झाले." हळू, एकेक शब्द वेगळा करून.

जूनमध्ये निकाल वर्तमानपत्रात आला. गुरुजी पेपर घेऊन घरी आले आणि दारातच चप्पल काढत राहिले. नंबर नव्हता. आबा उठून मळ्यात गेले. दादा म्हणाला, "गुरुजी, पुढल्या वर्षी बसेन मी." 'बसंन' नव्हे, 'बसेन'.

त्या दिवसापासून त्यानं घरात पुस्तकी बोलायला सुरुवात केली. तोंडाला सवय लागली पाहिजे, दुसरा इलाज नाही, असं त्याचं म्हणणं. पहिल्यांदा मलाही बरं वाटलं. ही पण तयारीच होती. माझ्याशी सोपं गेलं. पण त्यानं ठरवलं होतं की दिवसभर, सगळ्यांशी तसंच बोलायचं, नाहीतर ऐन वेळी जीभ घसरेल. "आबा, बैलांना पाणी पाजले का?" "आई, मला आणखी भाकरी नको आहे." सोप्यात येणारी माणसं आधी हसली, मग त्याला सायेब म्हणू लागली, मग यायची कमी झाली. त्याच पावसाळ्यात स्वातंत्र्य आलं. शाळेपुढं झेंडा लावला तेव्हा कुणीतरी दादाला पुढं केलं, आणि तो चार वाक्यं इतकी शुद्ध बोलला की गुरुजींनी त्याचे हात धरले. गावातली माणसं मात्र गप्प उभी होती.

आईला ते सोसेना. एकदा ती भाकरी थापत होती आणि तो उंबऱ्यावर बसून म्हणाला, "आई, आज तुझी प्रकृती बरी नाही का?" आईनं परात बाजूला सरकवली.

"माज्यासंगं असं परक्यावानी बोलू नगंस रं," ती म्हणाली. "मला वाटतंय, तुज्या जागी दुसरंच कोन आलंय."

"मी तोच आहे, आई."

"डोळं गेलं तिकडं. आता जीबबी ठिऊन आलास का?"

मला वाटलं, आता तरी तो तिच्याशी पहिल्यासारखं बोलेल. त्यानं प्रयत्नही केला असावा. दुसऱ्या दिवशी तो तिला हाक मारून थांबला, तोंड उघडं ठेवून उभा राहिला, आणि मग काही न बोलता गोठ्याकडं गेला.

त्या साली नुसत्या सरावासाठी म्हणून आम्ही पुन्हा त्या बाकावर बसलो. आता दादा सांगायचा आणि मला हातानं काही बदलावं लागत नसे. तो जे बोले ते जसंच्या तसं उतरायचं. कुणाही अनोळखी मुलानं लिहिलं असतं. तो तयार झाला होता. परीक्षा जवळ आली होती, आणि तेवढ्यात माझं लग्न ठरलं.

तासगावचं स्थळ होतं, मुलगा शाळामास्तर. पायाखालची वाळू सरकत असावी तशी आबांची घाई होती. आंधळ्या भावाच्या घरातली मुलगी म्हणून आधीची दोन स्थळं मागं गेली होती. मुलाकडच्यांना थांबायचं नव्हतं. मी आईला म्हटलं, परीक्षेपुरतं लांबवा. आईनं आबांना विचारलं. आबा म्हणाले, "लिवायला ती चालत न्हाई. मग तिचं काय अडलंय?"

त्यांना लिहिणं तेवढं दिसत होतं. वाचून कोण दाखवणार, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. गुरुजींची त्याआधीच जतकडं बदली झाली होती. गावात दुसरं इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. दादाच्या ध्यानात ते नक्कीच आलं होतं. तो मला म्हणाला, "तू जा. मला पुष्कळसे पाठ आहे." आणि हळद लागायच्या आदल्या दिवसापर्यंत आम्ही त्या बाकावर बसलो. मी नुसती वाचत गेले, एकामागून एक पानं, घसा बसेपर्यंत. लिहिणं नाही, टिचकी नाही. जेवढं त्याच्या कानात घालता येईल तेवढं घालायचं.

त्या वर्षी तो परीक्षेला गेला नाही. परीक्षेच्या तोंडावर त्याचं डोकं फार दुखू लागलं, असं आबांनी सांगितलं. आईनं सांगितलं की दुखत नव्हतं. तो कपडे करून बसला होता, आणि आबांनी गाडी जुंपली तेव्हा म्हणाला, "राहू द्या."

नागपंचमीला मी माहेरी गेले. माझे यजमान भले गृहस्थ. त्यांनी स्वतः म्हटलं होतं, दादांना तासगावला घेऊन ये, मी वाचून दाखवीन. मी ते दादाला सांगितलं. आम्ही मळ्याच्या बांधावर बसलो होतो. "त्यांना माझा नमस्कार सांग," तो म्हणाला, "पण मी येणार नाही." मी पुष्कळ विनवलं. बहिणीच्या घरी राहायचा संकोच का, म्हणून रागावलेही. त्यानं मान हलवली.

"संकोच नाही. माझे मन उडाले," तो म्हणाला. "परीक्षेसाठी मी माझ्या बोलण्याचे जे केले ते आता मागे फिरवता येत नाही. आणि परीक्षाही नको वाटते. मग मी कुठे आहे, ते मलाच समजत नाही."

मी त्याला म्हटलं, "दादा, माज्यासंगं तरी आपलं बोल की रं." तो हसला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, बस्स.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्याला ताप आला. डोक्यातलंच दुखणं होतं म्हणतात. निरोप तासगावला पोचून मी मोटारीनं येईपर्यंत नदीकाठी सगळं होऊन गेलं होतं. आबा भिंतीकडं तोंड करून निजले होते आणि ते मी असेपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. बायका उठून गेल्यावर आई माझ्या शेजारी येऊन बसली.

"लय बोलत हुता तापात," ती म्हणाली. "दोन दिस सारखा. समदं तसलंच, पुस्तकातलं. मी त्येचं डोकं मांडीवर घितलं आनि म्हनलं, बाळा, माज्यासंगं बोल की. तर म्हनला, आई, मी तुझ्याशीच बोलतो आहे."

हे शेवटचं वाक्य तिनं जसंच्या तसं म्हटलं, एकही शब्द न बदलता. आईच्या तोंडून तसली भाषा मी कधीच ऐकली नव्हती. मग ती उठली आणि चुलीकडं गेली. जनावरांना पाणी दाखवायचं राहिलं होतं. मी दावी सोडली आणि त्यांना नदीवर घेऊन गेले.